हजार रुपयांच्या आत कोणता मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे वाणिज्य शाखेचे पदवीधर आहेत, छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकू इच्छितात आणि सुरुवातीला साधारण एक हजार रुपये खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी मोबाइलवर दिसावी, पुढे कुंड्यांना आपोआप पाणी मिळावे आणि जमल्यास इमारतीची मोटरही त्यातूनच चालू-बंद व्हावी, अशी त्यांची कल्पना आहे. आर्डुइनो ऊनो, नॅनो, नोडएमसीयू, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको यांपैकी कोणता मायक्रोकंट्रोलर बोर्ड (सेन्सर वाचून उपकरणे चालवणारा छोटा संगणक) घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

या कामासाठी ईएसपी३२चा साधा डेव्हकिट (यूएसबी आणि पिना तयार असलेला) बोर्ड घ्यावा आणि उरलेल्या पैशांत दुसरा बोर्ड न घेता एक मल्टीमीटर (व्होल्ट व करंट मोजणारे मीटर), एक ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय जोडणीसाठीची छिद्रांची पट्टी), जंपर वायर आणि मूठभर रेझिस्टर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केल्यास नॅनोचा क्लोन (दुसऱ्या कंपनीने बनवलेली प्रतिकृती) आणि नोडएमसीयू अडीचशे रुपयांच्या आसपास, तर ईएसपी३२ आणि साधा पिको चारशेच्या आसपास मिळतो. दुकानागणिक आणि महिन्यागणिक यात फरक पडतो. म्हणजे या चार बोर्डांच्या किमतींतला फरक शे-दीडशे रुपयांचा आहे. खरा खर्च बोर्डाला जे जोडावे लागते त्यात आणि चुकीच्या जोडणीमुळे जे जळते त्यात होतो. म्हणून बोर्ड निवडताना त्याची किंमत शेवटी पाहावी. आधी तो किती व्होल्टवर चालतो, त्याला किती करंट लागतो आणि आपल्या कामाला वाय-फाय हवे आहे की नाही, या तीन गोष्टी पाहाव्यात.

आधी ऊनोविषयी, कारण सर्वांत जास्त लोक सुरुवात तेथूनच करतात. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथील एका डिझाइन संस्थेत, इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून पुढे आलेला ऊनो आणि त्याचा लहान भाऊ नॅनो हे दोन्ही एटीमेगा३२८पी या ८ बिटच्या चिपवर चालतात. घड्याळाचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश आणि चालू कामासाठी फक्त २ किलोबाइट रॅम, एवढीच त्यांची शिदोरी आहे. ही चिप ५ व्होल्टवर चालते आणि तिच्या प्रत्येक पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत करंट निश्चिंतपणे घेता येतो. त्यामुळे एलईडी, बझर, बाजारातील बहुतेक स्वस्त सेन्सर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) मॉड्यूल तिला विनातक्रार जोडता येतात, आणि नवशिक्याच्या हातून होणाऱ्या लहानसहान चुका ती सहन करते. हा गुण मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

तरीही "आधी ऊनो घ्या, मग पुढे जा" हा सरसकट दिला जाणारा सल्ला मला आता पटत नाही. १२८ बाय ६४ पिक्सेलचा एक छोटा ओएलईडी डिस्प्ले जोडला, तर केवळ त्याच्या चित्रासाठी १०२४ बाइट, म्हणजे अर्धी रॅम, राखून ठेवावी लागते. उरलेल्या अर्ध्या रॅममध्ये मजकुराच्या स्ट्रिंग भरल्या की प्रोग्राम कोणतीही सूचना न देता विचित्र वागू लागतो, आणि नवशिक्या मात्र आपल्या तर्कातील चूक शोधत बसतो. दुसरी अडचण प्रश्नकर्त्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे: ऊनो आर३ मध्ये वाय-फाय नाही. ते मिळवण्यासाठी ईएसपी-०१ हे छोटे मॉड्यूल ऊनोला जोडण्याचा उपाय असंख्य ठिकाणी सुचवलेला दिसतो, परंतु ऊनोची ३.३ व्होल्टची पिन जास्तीत जास्त ५० मिलिअँपिअर देऊ शकते आणि ईएसपी-०१ला प्रक्षेपणाच्या क्षणी त्याच्या कित्येक पट करंट लागतो. शिवाय ऊनोचा ५ व्होल्टचा सिग्नल त्या मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर थेट जातो, तो भाग वेगळाच. गंमत अशी की ज्या ईएसपी-०१ला आपण ऊनोचा सेवक म्हणून जोडतो, त्याच्या आतील ईएसपी८२६६ हीच चिप ऊनोपेक्षा कितीतरी वेगवान असते.

ही ईएसपी८२६६ चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची आहे. २०१४ साली ती छंदिष्टांच्या हाती आली आणि वाय-फायची किंमत एकदम खाली आली. नोडएमसीयू हा तिचाच बोर्ड असून टाकीची पातळी दाखवण्याएवढ्या कामाला तो आजही पुरेसा आहे. तो मी पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही, याची कारणे दोन आहेत. त्यात ॲनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारे व्होल्टेज मोजणारी पिन) एकच असल्याने चार कुंड्यांचे चार ओलावा सेन्सर त्याला थेट जोडता येत नाहीत. दुसरे म्हणजे बोर्डावर छापलेले क्रमांक आणि चिपचे खरे क्रमांक वेगळे असतात. डी१ म्हणजे चिपची जीपीआयओ (इनपुट-आउटपुट पिन) ५, डी२ म्हणजे जीपीआयओ ४ आणि डी४ म्हणजे जीपीआयओ २. हा गोंधळ पहिल्याच प्रकल्पात ओढवून घेण्याची गरज नाही.

ईएसपी३२ ही त्याच कंपनीची २०१६ सालची चिप. २४० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे दोन कोअर, ५२० किलोबाइट रॅम, वाय-फाय आणि ब्लूटूथ हे सारे चारशे रुपयांच्या बोर्डावर मिळते, त्यामुळे आपल्या प्रश्नकर्त्यांच्या यादीतील प्रत्येक काम त्यात बसते. परंतु हा बोर्ड ऊनोइतका सहनशील नाही.

त्याच्या सर्व पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्टचा सिग्नल थेट देऊ नये. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा प्रसिद्ध अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याची एको पिनही ५ व्होल्टच बाहेर देते. ती ईएसपी३२ला जोडताना मध्ये व्होल्टेज डिव्हायडर लावावा: एको पिनपासून १ किलो-ओहमचा रेझिस्टर ईएसपी३२च्या पिनपर्यंत, आणि त्या पिनपासून २ किलो-ओहमचा रेझिस्टर ग्राउंडपर्यंत. ५ व्होल्टचे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट पिनवर येतात. २ किलो-ओहमचा रेझिस्टर दुकानात न मिळाल्यास १ किलो-ओहमचे दोन एकापुढे एक जोडावेत. डिव्हायडरविनाही पहिल्या दिवशी सर्व काही व्यवस्थित चालते, आणि नेमके त्यामुळेच लोक तो लावत नाहीत. मल्टीमीटर मी बोर्डाइतकाच आवश्यक का मानतो, ते येथे कळते: पिनवर प्रत्यक्षात किती व्होल्ट आले आहेत हे जोडणीपूर्वी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी सेन्सरवर विसंबून न राहता डिव्हायडरला ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा देऊन पाहावे, कारण एको पिनवरची स्पंदने काही मिलिसेकंदांचीच असतात आणि साध्या मीटरला ती नीट दिसत नाहीत.

पिनांची निवडही येथे मोकळी नाही. जीपीआयओ ६ ते ११ या पिना आतील फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असल्याने त्यांना हात लावू नये. ३४ ते ३९ या पिना केवळ इनपुटसाठी आहेत आणि त्यांना अंतर्गत पुल-अप (पिनला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नाही, त्यामुळे तेथे बटण जोडल्यास बाहेरून रेझिस्टर लावावा लागतो. ०, २, ५, १२ आणि १५ या पिनांची स्थिती चिप सुरू होताना तपासली जाते. विशेषतः १२ क्रमांकाची पिन सुरुवातीच्या क्षणी हाय (३.३ व्होल्टवर) राहिली, तर फ्लॅशचे व्होल्टेज चुकीचे ठरते आणि बोर्ड सुरूच होत नाही. सर्वांत फसवी गोष्ट ॲनालॉग इनपुटची आहे. चिपमध्ये व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या एडीसीचे एडीसी१ आणि एडीसी२ असे दोन गट असून वाय-फाय चालू असताना दुसरा गट वापरता येत नाही. कित्येक जणांचा ओलावा सेन्सर एकट्याने चाचणी घेताना उत्तम चालतो, वाय-फायचा कोड जोडताच रीडिंग देणे थांबवतो आणि मग दोष सेन्सरवर जातो. म्हणून ॲनालॉग सेन्सर ३२ ते ३५ या पिनांवरच जोडावेत आणि रिलेसाठी २५, २६ किंवा २७ क्रमांकाची पिन घ्यावी.

ईएसपी३२चा एडीसी १२ बिटचा असला तरी अचूक नाही. शून्याजवळ आणि ३.१ व्होल्टच्या वर तो सरळ रेषेत मोजत नाही. कुंडीतील माती कोरडी आहे की ओली, एवढे कळण्यास तो पुरतो. अचूक व्होल्टमीटर बनवायचा असल्यास एडीएस१११५ सारखा स्वतंत्र १६ बिटचा एडीसी लावावा. माती तपासण्यासाठी दोन उघड्या दांड्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर घेऊ नये, कारण विद्युतप्रवाहामुळे ओल्या मातीत त्याच्या दांड्या काही आठवड्यांत झिजून जातात. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा, मात्र त्यावरील टायमर चिपचे नाव वाचून घ्यावे. टीएलसी५५५ लिहिले असल्यास तो ३.३ व्होल्टवर चालतो. एनई५५५ असल्यास त्याला साडेचार व्होल्टच्या वर पुरवठा लागतो आणि ३.३ व्होल्टवर त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही सेन्सर दिसायला सारखेच असतात.

आता वीजपुरवठा. स्वस्त बोर्डांच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ माझ्या मते येथेच असते. वाय-फायचे प्रक्षेपण सुरू होताच ईएसपी३२चा करंट क्षणभर काही शे मिलिअँपिअरवर जातो. बारीक तारांची यूएसबी केबल किंवा जुना मोबाइल चार्जर असल्यास त्या क्षणी व्होल्टेज घसरते, बोर्ड स्वतःला रीसेट करतो आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरील खिडकीत) ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, संदेश दिसतो. असे झाल्यास बोर्ड बदलण्याआधी केबल बदलावी, किमान १ अँपिअर देणारा चांगला ॲडॉप्टर वापरावा आणि ५ व्होल्ट व ग्राउंड यांच्यामध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. प्रोग्राममधून ब्राउनआउट तपासणीच बंद करण्याचा सल्लाही वाचनात येईल, पण तो पाळू नये.

बॅटरीवर चालवण्याचा विचार असल्यास डेव्हकिट बोर्ड त्यासाठी नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. गाढ झोपेत (बहुतेक काम थांबवलेल्या स्थितीत) ईएसपी३२ चिप सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, हा आकडा खरा आहे. परंतु बोर्डावरील एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३वर आणणारी चिप), यूएसबी चिप आणि लाल दिवा हे झोपत नाहीत आणि मिळून १० मिलिअँपिअरच्या आसपास करंट खात राहतात. २६०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल या हिशेबाने अकरा दिवसांच्या आत, काहीही काम न करता संपतो. त्यातच या रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी सुमारे ४.४ व्होल्ट लागतात आणि पूर्ण चार्ज झालेला सेलही ४.२ व्होल्टचाच असतो. बॅटरीवरील प्रकल्पासाठी नुसते मॉड्यूल घेऊन त्याला एचटी७८३३ सारखा कमी करंट खाणारा रेग्युलेटर लावावा लागतो, आणि ते पहिल्या प्रकल्पाचे काम नाही. गच्चीवर वीज उपलब्ध असताना बॅटरीच्या मागे लागू नये.

पिकोविषयी दोन शब्द, कारण तो बोर्ड मला मनापासून आवडतो आणि तरीही या कामासाठी मी तो सुचवत नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो ४ डॉलरला बाजारात आला. त्यातील आरपी२०४० चिपमध्ये १३३ मेगाहर्ट्झचे दोन कोअर आणि २६४ किलोबाइट रॅम आहे, पीआयओ नावाची छोटी स्वतंत्र यंत्रणा काटेकोर वेळेचे सिग्नल मुख्य प्रोसेसरला न अडवता तयार करते, आणि प्रोग्राम भरण्यासाठी बूटसेल बटण दाबून यूएसबी लावले की तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. त्याचा रेग्युलेटर १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत काहीही स्वीकारतो, त्यामुळे दोन साध्या पेन्सिल सेलवरही तो चालतो. मायक्रोपायथन (अशा बोर्डांसाठीची पायथन भाषा) शिकायचे असल्यास यापेक्षा चांगली सुरुवात नाही. परंतु साध्या पिकोत वाय-फाय नाही आणि २०२२ साली आलेला पिको डब्ल्यू आपल्याकडे ईएसपी३२पेक्षा महाग पडतो. २०२४चा पिको २ अधिक शक्तिशाली आहे, पण वाय-फाय त्याच्याही साध्या आवृत्तीत नाही.

डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३२व्ही००३ ही काही रुपयांना मिळणारी चिप किंवा एसटीएम३२चा ब्लू पिल बोर्ड यांच्या वाटेला सध्या जाऊ नये. पहिलीला वेगळा प्रोग्रामर विकत घ्यावा लागतो, आणि ब्लू पिलच्या नावाखाली बाजारात इतक्या तऱ्हेच्या नकली चिपा मिसळल्या आहेत की आपण काय विकत घेतले हे कळण्यासच वेळ जातो. सी-डॅक या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या वेगा प्रोसेसरवरील एरीस बोर्ड देशी म्हणून कुतूहल वाटण्याजोगा आहे. पण अडल्यावर उत्तर शोधू गेल्यास त्यावरील लेखन फार थोडे सापडते आणि नवशिक्याला नेमकी तीच मदत लागते.

क्लोनविषयी अनेकांच्या मनात अकारण अपराधभाव असतो. आर्डुइनोचे आराखडे खुले आहेत, त्यामुळे वेगळ्या नावाने बनवलेला क्लोन पूर्णतः वैध आहे. मूळ कंपनीचे नाव आणि चिन्ह छापून विकलेला बोर्ड मात्र बनावट होय. क्लोनवर बहुधा सीएच३४० ही यूएसबी चिप असते आणि तिचा ड्रायव्हर काही संगणकांवर स्वतः टाकावा लागतो. नॅनोचा क्लोन प्रोग्राम घेत नसल्यास आर्डुइनो आयडीई या प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या यादीतून जुन्या बूटलोडरचा (प्रोग्राम स्वीकारणाऱ्या चिपवरील छोट्या कोडचा) पर्याय निवडून पाहावा. काही नॅनोंवर एटीमेगा१६८ किंवा एलजीटी८एफ३२८पी अशी वेगळीच चिप असते, तेव्हा भिंगातून चिपवरील अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. ईएसपी३२ घेताना ३० पिनांचा बोर्ड मागावा. ३८ पिनांचे बरेच बोर्ड इतके रुंद असतात की ब्रेडबोर्डवर बसवल्यावर एका बाजूला वायर लावण्यास एकही रांग उरत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एक खाचखळगा आहे. २०२४ साली आलेल्या आर्डुइनोच्या ईएसपी३२ कोअर (आयडीईत ईएसपी३२साठी टाकावे लागणारे पॅकेज) ३.० आवृत्तीत पीडब्ल्यूएमसाठीची (पिन वेगाने चालू-बंद करून आउटपुट कमी-जास्त करण्यासाठीची) जुनी फंक्शने बदलली, त्यामुळे त्याआधीचे पुष्कळ तयार कोड आता कंपाइल होत नाहीत. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधण्याआधी तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे ते पाहावे. वाय-फाय जुळत नसल्यास ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो हे ध्यानात ठेवून राउटरवर तो पट्टा चालू आहे ना, याची खात्री करावी. स्लॅबमधून सिग्नल गच्चीपर्यंत पोहोचतो का, हे तर मोबाइल घेऊन वर गेल्यास दोन मिनिटांत कळते, आणि ते काहीही विकत घेण्यापूर्वी करावे.

टाकीसाठी उघडा एचसी-एसआर०४ फार दिवस टिकत नाही, कारण झाकणाखालील दमटपणाने तो गंजतो. तो शिकण्यापुरता ठेवून प्रत्यक्ष टाकीवर जेएसएन-एसआर०४टी हा पाणी-प्रतिबंधक सेन्सर बसवावा. त्याला सुमारे २० ते २५ सेंटीमीटरपेक्षा जवळचे अंतर मोजता येत नाही, म्हणून भरलेल्या टाकीच्या पाण्यापासून तो तितका उंच असला पाहिजे. बोर्डाची पेटी सावलीत ठेवून सर्व तारा तळातून बाहेर काढाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत शिरत नाही.

मोटरचे काम सर्वांत शेवटी घ्यावे, आणि ते निराळ्या काळजीने घ्यावे. निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेले असते, परंतु १ अश्वशक्तीची मोटर चालू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि त्या झटक्याने रिलेचे संपर्क वितळून चिकटू शकतात. मग बोर्डाने बंदचा आदेश देऊनही मोटर चालूच राहते. म्हणून रिलेने केवळ कॉन्टॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या विद्युत स्विचची) कॉइल चालवावी, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा आणि २३० व्होल्टच्या बाजूची सर्व जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. बरेच स्वस्त रिले मॉड्यूल पिन लो (शून्य व्होल्टवर) झाल्यावर चालू होतात, त्यामुळे प्रोग्राममध्ये पिन आधी पुल-अपसह इनपुट म्हणून घोषित करून तिला हाय लिहावे आणि मगच आउटपुट म्हणून घोषित करावे. अन्यथा वीज गेली-आली की मोटर क्षणभर दचकून सुरू होते. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलला पुरवठा देणाऱ्या पिनेचा) जंपर असल्यास तो काढून व्हीसीसीला ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट द्यावेत, म्हणजे रिले बंद होण्याबाबत शंका राहत नाही.

मोटर बंद करण्याचा निर्णय मोबाइलवर किंवा इंटरनेटवर सोडू नये, तो बोर्डानेच घ्यावा. सेन्सरकडून सलग काही वेळा अर्थहीन आकडा आल्यास मोटर बंद, ठरलेल्या कमाल मिनिटांनंतरही टाकी भरली नाही तरी मोटर बंद, असे दोन नियम कोडमध्ये असावेत. दुसऱ्या नियमाने खालची टाकी रिकामी असताना मोटर कोरडी चालण्यापासूनही वाचते. शिवाय टाकीच्या वरच्या कडेला एक साधा फ्लोट स्विच बसवून त्याचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेत एकापुढे एक जोडून घ्यावा, म्हणजे बोर्ड अडकून पडला तरी टाकी ओसंडणार नाही. फ्लोट स्विचवर छापलेले व्होल्टेज आणि करंट त्या कॉइलला पुरेसे आहेत का, ते वायरमनला दाखवून घ्यावे, कारण छोट्या प्लास्टिक फ्लोट स्विचपैकी अनेक २३० व्होल्टच्या कामासाठी बनवलेले नसतात.